मुदत संपलेल्या भिंती

अमेरिकेत आणि युरोपात लहान धरणं पाडली जात आहेत हे ऐकलं की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं अस्वस्थ होतात. पहिली, पाणी अडवण्यात उभी हयात घालवलेली. थेंबाथेंबाचा हिशेब करायच्या दिवसांत बांधलेलं पाडणं म्हणजे त्यांना शुद्ध करंटेपणा वाटतो. दुसरी, मोठ्या धरणांशी भांडलेली. ‘मोठं नको, लहान चालेल’ असं त्यांनी इतकी वर्षं सांगितलं आहे की लहानावरही बोट ठेवलं तर हातातला पर्यायच जाईल, अशी त्यांना धास्ती. एरवी एकमेकांचं तोंडही न पाहणारे हे दोन पक्ष इथे मात्र एका सुरात बोलतात. त्यांचं म्हणणं असं: लहान भिंतीने नदीचं फारसं बिघडत नाही. बिघडलंच तर माशांसाठी मार्ग बांधून भागतं. थोडी का असेना, वीज स्वच्छ मिळते. भिंत पाडली तर साठलेला गाळ सुटून खालची नदी मरते. आणि मुख्य म्हणजे हे पोट भरलेल्या देशांचे चोचले आहेत. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरड असलेल्या मुलखाने त्यांच्या नादी लागू नये.

या पाचही मुद्द्यांत थोडंथोडं तथ्य आहे, म्हणूनच ते इतके दिवस टिकले. पण पाचही मुद्दे एक गोष्ट गृहीत धरतात: भिंत एकदा उभी राहिली की तिला उभं राहण्याचा कायमचा हक्क मिळाला, आणि ती नको असेल तर का नको हे नदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी सिद्ध करावं. माझा आक्षेप या गृहीतकाला आहे. धरण बांधायला परवानगी लागते, तशी ते ठेवायलाही लागली पाहिजे. तीही ठरावीक मुदतीने, पुन्हा पुन्हा.

ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्यात केनेबेक नावाची नदी आहे. समुद्राची भरती जिथवर चढते, त्या ऑगस्टा गावी १८३७ साली या नदीवर एक धरण बांधलं गेलं. पुढे ते एडवर्ड्स धरण म्हणून ओळखलं जाऊ लागलं. उंची साधारण ७ मीटर, लांबी २८० मीटर. काम गिरण्यांची चाकं फिरवण्याचं. माशांसाठी सुरुवातीला ठेवलेला मार्ग लवकरच पुरात गेला आणि तो पुन्हा बांधायची तसदी कुणी घेतली नाही. त्याआधी सॅमन, शॅड, एलवाइफ, स्टर्जन असे समुद्रातून अंडी घालायला येणारे मासे या नदीत थव्यांनी चढत. भिंतीने त्यांना भरतीच्या टोकाशीच अडवलं ते दीडशेहून अधिक वर्षं. विसाव्या शतकाच्या अखेरीस गिरणी उरली नव्हती. धरण साडेतीन मेगावॅट वीज देत होतं, म्हणजे राज्याच्या विजेच्या जेमतेम एक सहस्रांश.

तरीही ते आणखी शंभर वर्षं उभं राहिलं असतं. ते गेलं, कारण तिथे वीज करणाऱ्या खासगी धरणांना केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाचा परवाना लागतो आणि तो साधारण ३० ते ५० वर्षांचाच असतो. एडवर्ड्सचा परवाना १९९३ साली संपला. मालकांना तो वाढवून हवा होता. नदीसाठी झगडणाऱ्या संघटना आयोगापुढे उभ्या राहिल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आयोगाने परवाना नाकारून धरण हटवण्याचा आदेश दिला. मालकाच्या इच्छेविरुद्ध असा आदेश देण्याची आयोगाची ही पहिली वेळ. पुढे तडजोड झाली. खर्चाचा भार नदीच्या खालच्या अंगाच्या जहाज कारखान्याने आणि वरच्या धरणांच्या मालकांनी उचलला, कारण त्यांच्यावरही पर्यावरणाच्या भरपाईची जबाबदारी होती. १ जुलै १९९९ रोजी भिंत फोडली गेली.

वॉटरव्हिलपर्यंतचं २७ किलोमीटरचं पात्र मोकळं झालं. थोड्याच काळात स्ट्राइप्ड बास आणि स्टर्जन तिथवर दिसू लागले. तुंबलेल्या पाण्यात न टिकणारे, वाहत्या आणि प्राणवायूने भरलेल्या पाण्यातले कीटक तळाशी परतले. पुढे २००८ मध्ये सेबास्टिकुक या उपनदीच्या मुखावरचं फोर्ट हॅलिफॅक्स धरणही काढलं आणि एलवाइफ माशांची संख्या लाखांत मोजावी लागली. काही हंगामांत ती पन्नास लाखांवर गेली. ‘लहान भिंतीने फारसं बिघडत नाही’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा नीट पाहावा. अशा लहान भिंतींनी काय अडवून ठेवलं होतं, त्याचं हे माप आहे.

आता माशांच्या मार्गाबद्दल. जिना बांधला की मासे चढतील, ही माणसाची समजूत आहे. माशांना कुणी विचारलेलं नाही. सॅमन उडी मारतो, त्यामुळे जिन्याची सगळी कल्पना त्याच्यावर बेतलेली. तळालगत पोहणारा अवजड स्टर्जन जिना चढत नाही. बोटभर लांबीचा स्मेल्ट एवढ्या ओढीविरुद्ध पोहू शकत नाही. एडवर्ड्सच्या प्रकरणात हाच मुद्दा निर्णायक ठरला: मार्ग बांधूनही कित्येक जाती खालीच राहणार होत्या, आणि आयोगाच्या हिशेबाने मार्ग बांधण्याचा खर्च धरण काढण्याच्या खर्चाहून जास्त होता. शिवाय परतीचा प्रवास असतोच. अंड्यांतून निघालेली पिल्लं आणि समुद्राकडे निघालेले ईल टर्बाइनच्या पात्यांतून खाली येतात, त्यांचं काय?

समजा, मार्ग उत्तम बांधला आणि शंभरातले नव्वद मासे त्यातून पार झाले. कुठलाही अभियंता अशा कामावर खूश होईल. पण नदीवर अशा पाच भिंती असतील तर वर पोचतात ५९, आणि दहा असतील तर ३५. प्रत्येक भिंतीचा अहवाल ‘समाधानकारक’ असतो आणि नदी रिकामी होत जाते. केनेबेकवरच याचा पुरावा आहे. एडवर्ड्सच्या वरची धरणं तशीच उभी राहिली, आणि ज्याच्यासाठी जिन्यांची सारी विद्या जन्माला आली तो सॅमन तिथे आजही धोक्यातच आहे. याचा अर्थ एडवर्ड्स पाडणं फुकट गेलं, असा काढणारे आहेत. मी उलटा काढतो: भिंतींचं नुकसान बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं.

आणि मासा हे फक्त दिसणारं टोक. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना चिकटून प्रवास करतात. मासा अडला की वरच्या पात्रातला शिंपला नवी पिढी न देताच म्हातारा होतो. नदीने आणलेली वाळू आणि गोटे भिंतीमागे बसतात. खाली सुटणारं पाणी भुकेलं असतं, ते आपला काठ आणि तळ खरवडत जातं. संथ, उथळ साठ्यातलं पाणी उन्हाने तापतं आणि माथ्यावरून तसंच कोमट खाली पडतं. मोठ्या धरणाच्या तळातून निदान गार पाणी सोडता येतं, लहान भिंतीला तीही सोय नसते.

विजेच्या मुद्द्याला उत्तर मेनमधल्याच पेनॉब्स्कॉट नदीने दिलं. तिथे वीज कंपनी, पेनॉब्स्कॉट आदिवासी राष्ट्र, सरकारी खाती आणि पर्यावरण संघटना यांनी २००४ साली करार केला. समुद्राकडून पहिली दोन धरणं, ग्रेट वर्क्स आणि वीझी, २०१२ आणि २०१३ मध्ये काढली. तिसऱ्याला वळसा घालून माशांसाठी ओढा काढला. आणि बदल्यात उरलेल्या धरणांवर वीज वाढवायची मुभा कंपनीला दिली. खोऱ्यातली एकूण वीज घटली नाही. विजेचं नाव पुढे करून प्रत्येक भिंतीला हात लावू न देणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं: या भिंतीतून किती, आणि तेवढी दुसरीकडे मिळत असेल तर हीच का? ‘स्वच्छ वीज’ या दोन शब्दांवर साडेतीन मेगावॅट आणि साडेतीन हजार मेगावॅट एकाच रांगेत बसवणं हा हिशेब नव्हे.

सर्वांत वजनदार आक्षेप गाळाचा. तो झटकून टाकण्यासारखा नाही, म्हणून त्याला जागा देतो. भिंत काढली की दशकांचा गाळ सुटतो, पाणी गढूळ होतं, तळ झाकला जातो, काही काळ खालची जीवसृष्टी हाल सोसते. हे होतं. प्रश्न असा की किती काळ?

ओरेगन राज्यात सँडी नदीवरचं मार्मट धरण १४ मीटर उंच होतं. त्याच्यामागे सुमारे साडेसात लाख घनमीटर वाळू-गोटे साठले होते. तो सगळा ढिगारा यंत्रांनी उपसायचा की नदीवर सोपवायचा, यावर बराच खल झाला. शेवटी धरण काढून नदीला एका तात्पुरत्या मातीच्या बांधाने रोखलं आणि ऑक्टोबर २००७ मध्ये पावसाळी पुराच्या तोंडावर तो बांध फोडला. जाणकारांच्या भीतीपेक्षा नदी चपळ निघाली. साधारण निम्मा साठा काही महिन्यांतच वाहून गेला आणि कोहो सॅमन लगोलग वर गेले. गळू फोडल्यावर पू वाहतो म्हणून कुणी फोडणाऱ्याला रोग लावल्याचा दोष देत नाही. पाणी गढूळ करणारा तो गाळ भिंतीनेच साठवलेला होता.

ही उदाहरणं लहानांची म्हणून सोपी, असं कुणी म्हणेल. मग वॉशिंग्टन राज्यातली एल्व्हा पाहा. तिथली दोन्ही धरणं अजिबात लहान नव्हती: एक ३३ मीटर, दुसरं ६४. मागे साठलेला गाळ सुमारे २ कोटी १० लाख घनमीटर. २०११ ते २०१४ या काळात दोन्ही टप्प्याटप्प्याने उतरवली. नदी काही वर्षं चहासारखी वाहिली, हे खरं. पण त्याच गाळाने मुखाशी झिजलेला किनारा पुन्हा भरून आला, आणि लोअर एल्व्हा क्लॅलम जमातीच्या लोकांना शंभर वर्षांपूर्वी हिरावलेली नदी परत मिळाली.

तरी भिंत दिसली की पाडा, असं म्हणणारा माणूस नदीचा मित्र नाही. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीवरचं फोर्ट एडवर्ड धरण १९७३ मध्ये काढलं, तेव्हा मागच्या गाळात काय आहे याची तपासणी झाली नव्हती. त्यात जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यांतून आलेली पीसीबी ही विषारी रसायनं होती. ती खाली पसरली आणि ती उपसण्याचं काम २००९ ते २०१५ पर्यंत करावं लागलं. उलट माँटाना राज्यात क्लार्क फोर्क नदीवर मिलटाउन धरणामागे तांब्याच्या खाणींचा आर्सेनिकयुक्त गाळ होता; तिथे विषारी भाग खणून रेल्वेने हलवला आणि भिंत २००८ मध्ये फोडली. अमेरिका-कॅनडाच्या महासरोवरांत तर काही बुटक्या भिंती मुद्दाम ठेवल्या जातात, कारण त्या सी लॅम्प्रे या परक्या, रक्तशोषक माशाला उपनद्यांत अंडी घालायला जाऊ देत नाहीत. हे सगळं माझ्या बाजूला दुबळं करत नाही. यातून एवढंच निघतं की प्रत्येक भिंतीची स्वतंत्र चौकशी हवी. फोर्ट एडवर्डचा दाखला देऊन चौकशीच नको म्हणणारे त्या दाखल्याचाच अर्थ चुकवतात. तिथे घात चौकशी न झाल्याने झाला.

चौकशी किती ठिकाणी करायची, याचा अंदाज युरोपातून येतो. छत्तीस देशांतल्या नद्या पायी चालून आणि नोंदी तपासून संशोधकांनी २०२० मध्ये निष्कर्ष काढला की तिथल्या नद्यांमध्ये निदान १२ लाख अडथळे आहेत. त्यांतले ६८ टक्के २ मीटरहून बुटके. बहुतेकांची सरकारी दप्तरात नोंदच नव्हती. मोठ्या धरणांसाठी कायदे झाले, आंदोलनं झाली; युरोपातल्या नद्या मात्र या बिननावाच्या भिंतींनी तुकड्यातुकड्यांत कापल्या. म्हणूनच युरोपीय संघाच्या २०२४ च्या निसर्ग-पुनर्स्थापना कायद्यात २०३० पर्यंत २५,००० किलोमीटर नद्या मोकळ्या करण्याचं उद्दिष्ट आहे.

आता शेवटचा आणि सगळ्यांत लोकप्रिय आक्षेप: हे आपलं नाही. पाऊस चार महिने, म्हणून पाणी अडवलंच पाहिजे. बरोबर. त्यात वाद नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवरचे फड पद्धतीचे बंधारे शतकानुशतकं शेतं भिजवत आले. पाटकरी, पाळ्या, सगळ्यांचा मिळून एक हिशेब. जिथे अशी भिंत राबते आहे, तिच्या पाण्यावर कुणाचं तरी पीक उभं आहे, तिच्यावर कुदळ उचलायचं कारण नाही. डोंगरउतारावर चार महिने वाहून कोरड्या पडणाऱ्या नाल्यातला बांध विहिरींना पाणी देत असेल, तर तो बारमाही नदीतल्या भिंतीच्या मापाने मोजू नये. माझा प्रश्न ज्या भिंतींचं काम संपलंय त्यांच्याबद्दल आहे, आणि अशा भिंती आपल्याकडे नाहीत असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? आपण कधी मोजल्यात?

आणि ‘आपलं नाही’ हे तर इतिहासालाही धरून नाही. भिंतीने मासा अडतो हे आपल्या मुलखात कुणाला अमेरिकेतून शिकावं लागलेलं नाही. मिरगाच्या पहिल्या पावसाबरोबर ओढ्याओढ्यांतून वर निघणारे चढणीचे मासे घाटावर आणि वलगणीचे मासे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. कोकणातल्या नद्यांमधला सापासारखा अहिर उलट दिशेने, अंडी घालायला समुद्रात उतरतो. भारतातल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर फ्रान्सिस डे याने १८७३ मध्ये सरकारला अहवाल दिला, त्यात नद्यांवरच्या बंधाऱ्यांनी माशांची वाट अडल्याची तक्रार आहे. दीडशे वर्षांपूर्वीची तक्रार नवी फॅशन कशी ठरते?

उलट, भिंत वेळेवर बाजूला करायची युक्ती महाराष्ट्रानेच शोधली आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे दुसरं काय? दगडी किंवा काँक्रीटचे खांब, मध्ये बरगे. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढायचे, पूर मोकळा जाऊ द्यायचा, गाळही जाऊ द्यायचा. पाऊस ओसरला की बरगे घालून शेवटचं पाणी धरायचं. नदीशी केलेला हा करार आहे: चार महिने तुझे, आठ महिने आमचे. चढणीचे मासे वर जातात ते नेमके याच चार महिन्यांत. बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पूर होता, मासे नसतील. पण करारात मासेही बसले.

तो करार आज कुठे पाळला जातो, कुठे मोडला जातो? बरगे वेळेत निघत नाहीत, पुरात अडकतात, चोरीला जातात, पुन्हा बसवायला निधी नसतो, अशा तक्रारी दरवर्षी गावागावांतून येतात. पंचगंगेत उन्हाळ्याच्या तोंडी बंधाऱ्यांमागे सांडपाणी तुंबतं आणि मासे मरून तरंगतात. शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्याच्या अशा बातम्या वाचकांना नव्या नाहीत. सांडपाणी बंधारा करत नाही, गावं आणि कारखाने करतात, हे मान्य. पण घाण आणि प्रवाह यांच्यामध्ये भिंत कधी ठेवायची, कधी काढायची, हा निर्णय तरी कुणी घेतो का? दुसरीकडे ‘जलयुक्त शिवार’सारख्या योजनांतून साखळी सिमेंट बंधाऱ्यांचं कौतुक वाढलं. या बंधाऱ्यांना काढायला बरगेच नसतात. ज्या भिंतीला उघडायची सोय ठेवली होती ती आपण सांभाळली नाही, आणि उघडताच येणार नाही अशी भिंत आवडीने बांधली.

कायद्याचीही तीच गत. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरहून उंच धरणं येतात, आणि १० ते १५ मीटरमधली काही अटींवर. त्याखालच्या भिंतींना तो कायदा ओळखतच नाही. आणि ज्या धरणांना ओळखतो, त्यांनाही तो एकच प्रश्न विचारतो: ही भिंत फुटेल का? ही भिंत अजून हवी आहे का, हा प्रश्न त्यात नाही. एडवर्ड्स धरण मजबूत आहे की नाही, एवढंच आयोगाने पाहिलं असतं तर केनेबेक आजही ऑगस्टाशी अडलेली असती.

म्हणून मागणी साधी आहे. नदीवरच्या प्रत्येक भिंतीची नोंद व्हावी, उंची कितीही असो. प्रत्येकीला मुदत असावी. तीस वर्षं पुरे. मुदत संपली की तिच्या मालकाने, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा मालक सरकारच असतं, गावसभेपुढे चार गोष्टी दाखवाव्यात: आज तिचं पाणी कोण वापरतं, तिच्यामागे किती आणि कसला गाळ आहे, ती पावसाळ्यात उघडते का, आणि ती नसती तर नदीत काय वर गेलं असतं. उत्तरं पटली तर आणखी तीस वर्षं खुशाल. पटली नाहीत तर काढण्याचा खर्च बांधणाऱ्याच्या माथी, आणि तो बांधतानाच बाजूला ठेवलेला असावा.

याला ‘विकासविरोध’ म्हणणारे निघतीलच. त्यांना एवढंच विचारायचं आहे: घराच्या भाडेकराराला मुदत, वाळूच्या ठेक्याला मुदत, वाहनाच्या नोंदणीला मुदत, आणि नदी आडवी कापणाऱ्या भिंतीला तेवढी नाही, हे कुठल्या विकासाचं शास्त्र? भिंत कामाची असेल तर मुदतीला घाबरायचं कारण तिच्याकडे नाही. ज्यांना मुदतीचीच भीती वाटते, त्यांना आपली भिंत कामाची नाही हे आधीच कळलेलं असतं.